कोविडमध्ये जर्मनीने नोकऱ्या वाचवल्या, मग आता गाडी कुठे रुतली?

प्रश्न असा आलाय: "कोविडमध्ये जर्मनीने पाण्यासारखा पैसा ओतला, लोकांच्या नोकऱ्या जाऊ दिल्या नाहीत, सगळीकडे कौतुक झालं. मग आज तिथली इकॉनॉमी अशी का झालीय? तेव्हाचं धोरणच चुकलं होतं का?" विचारणारा मुलगा चाकणला एका जर्मन कंपनीच्या व्हेंडरकडे क्वालिटीत आहे आणि वरून येणाऱ्या ऑर्डरी आटल्यात म्हणून काळजीत आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी मी कोण ते. इकॉनॉमिस्ट वगैरे नाही. श्टुटगार्टजवळ एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात २००८ पासून पगाराचं काम बघते, म्हणजे साठ-सत्तर लहानमोठ्या धंद्यांचे दर महिन्याचे पगार, टॅक्स, इन्शुरन्स हे सगळं आमच्या टेबलावरून जातं. त्यात लेथ-सीएनसीवाले आहेत, दातांच्या कवळ्या करणारी लॅब आहे, हॉटेलं आहेत, सलून आहेत. २००९ ची मंदी याच खुर्चीत बसून बघितली आणि २०२० सुद्धा, त्यामुळे सरकारचा पैसा माणसाच्या खात्यापर्यंत नेमका कसा येतो आणि वाटेत कुठे अडकतो एवढं मात्र मला पक्कं माहिती आहे.

उत्तर आधीच सांगून टाकते. पगार वाचवायचं धोरण बरोबर होतं, लहान धंद्यांना मदत देण्याची पद्धत वाईट होती, आणि आजच्या मंदीची मूळ कारणं कोविडच्या आधीची आहेत. पण कोविडच्या पैशाचा एक धागा मात्र सरळ आजच्या मंदीत येतो आणि तो थेट तुझ्या ऑर्डरीपर्यंत पोचतो. तो शेवटी सांगते कारण आधीचं कळल्याशिवाय तो कळणार नाही.

पगारापासून सुरू करू. जर्मनीत कुर्त्सआर्बाइट म्हणून एक जुनी सोय आहे, शब्दशः बघितलं तर 'कमी वेळाचं काम'. काम कमी झालं तर कंपनी माणसाला काढत नाही, त्याचे तास कमी करते, अगदी शून्यावर सुद्धा आणते, आणि जेवढे तास गेले त्यामुळे हातात येणारा पगार जितका घटला त्याच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के, लेबर ऑफिस देतं. ही खैरात नाही बरं का, पगारातून दर महिन्याला बेरोजगारी विम्याचा हप्ता कापला जातो त्यातून हे पैसे येतात. २०२० मध्ये तो हप्ता पगाराच्या २.४ टक्के होता, अर्धा कंपनीचा अर्धा माणसाचा. आणि लेबर ऑफिस माणसाला थेट पैसे देत नाही, आधी कंपनीने पगारासोबत द्यायचे, मग माझ्यासारख्या बाईने महिन्याचा फॉर्म भरायचा, मग कंपनीला परत मिळतात. फॉर्म तीन महिन्यांच्या आत गेला नाही तर पैसे बुडाले, तिथे रडून उपयोग नाही.

२००९ मध्ये हे आम्ही एकदा करून बसलो होतो. तेव्हा सगळ्या देशात जास्तीत जास्त १४-१५ लाख लोक कुर्त्सआर्बाइटवर होते आणि ते बहुतेक कारखान्यांतले. त्या वर्षी जीडीपी ५ टक्क्यांपेक्षा जास्त पडला पण बेकारी फारशी वाढली नाही आणि २०१० मध्ये चीनमधून ऑर्डरी आल्या तेव्हा माणसं जागेवरच होती, दुसऱ्या दिवशी मशीन चालू. तेव्हापासून इथल्या राजकारण्यांच्या डोक्यात हे औषध पक्कं बसलं. म्हणून मार्च २०२० मध्ये त्यांना विचार करायला वेळच लागला नाही, १३ मार्चला एका दिवसात दोन्ही सभागृहांतून कायदा पास. एरवी इथे बसस्टॉप हलवायचा तरी दोन वर्षं मीटिंगा चालतात!

काय काय सोपं केलं ते सांगते. आधी कंपनीतल्या किमान एक तृतीयांश लोकांचं काम घटलेलं असावं लागायचं, ते १० टक्क्यांवर आणलं. कुर्त्सआर्बाइटच्या तासांवर कंपनीला सोशल इन्शुरन्स भरावा लागतो, तो सगळा परत द्यायचं ठरलं. कंत्राटी कामगारांना पण घेतलं. आणि हे सगळं १ मार्चपासून मागे जाऊन लागू. नंतर चौथ्या महिन्यापासून ७०/७७ आणि सातव्यापासून ८०/८७ टक्के, म्हणजे ज्याचं निम्म्याहून जास्त काम गेलंय त्याला.

एप्रिल २०२० मध्ये जवळजवळ ६० लाख लोक एकाच वेळी कुर्त्सआर्बाइटवर होते. साठ लाख! मार्च-एप्रिलमध्ये कंपन्यांनी मिळून एक कोटीपेक्षा जास्त लोकांची नोंद करून ठेवली होती, लागलं तर असू दे म्हणून. आमच्या ऑफिसात त्या दोन आठवड्यांत फोन ठेवला की वाजायचा. ज्या हॉटेलवाल्याने आयुष्यात हा शब्द ऐकला नव्हता तो रात्री दहाला विचारतोय की माझ्या भांडी घासणाऱ्याचं काय. मी तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून काम करत होते, एका हाताने कुकरची शिट्टी मोजत आणि दुसऱ्याने टक्केवारी.

तर याचा परिणाम काय झाला? बेकारी २०१९ ला ५ टक्के होती ती २०२० ला ५.९ झाली, बस. अमेरिकेत एकट्या एप्रिल २०२० मध्ये ती १४ टक्क्यांच्या वर गेली होती. जीडीपी जर्मनीत सुमारे ४ टक्के पडला, इटलीत ९ च्या आसपास, स्पेनमध्ये ११. लेबर ऑफिसकडे साथ सुरू झाली तेव्हा साधारण २६ अब्ज युरो शिल्लक होते, चांगल्या वर्षांत साठवलेले, ते सगळे गेले आणि वर केंद्राला भर घालावी लागली. पण साठवलेले होते हे महत्त्वाचं, पहिल्या महिन्यात कुणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही.

आता याच्या भोकांबद्दल, कारण कौतुक करणारे ते सांगत नाहीत आणि मी ती रोज बघितली.

पहिलं भोक मिनीजॉब. महिन्याला तेव्हाच्या मर्यादेप्रमाणे ४५० युरोपर्यंत कमावणारे बेरोजगारी विमा भरत नाहीत, म्हणून त्यांना कुर्त्सआर्बाइट नाही. हॉटेलं, कॅफे, दुकानं यांचा निम्मा गाडा याच लोकांवर चालतो. आपली पुण्या-नाशिकहून मास्टर्सला आलेली मुलं पण यातलीच, रविवारी कॅफेत प्लेटा उचलून भाड्याला हातभार लावणारी. ती मार्चमध्ये एका रात्रीत घरी बसली. विद्यार्थ्यांसाठी नंतर महिन्याला १०० ते ५०० युरोची मदत काढली पण त्याची अट अशी की खात्यात ५०० पेक्षा कमी शिल्लक दिसली पाहिजे, म्हणजे ज्याने काटकसर करून हजार युरो मागे टाकलेत तो बाहेर. आमच्या मराठी मंडळातल्या बायकांनी त्या वर्षी डबे पोचवले, मुलांना वाईट वाटू नये म्हणून "जास्तीचं झालं होतं रे" असं सांगून.

दुसरं भोक बायकांचं, आणि यावर मला अजून राग येतो. जर्मनीत नवरा-बायकोला टॅक्सचा क्लास निवडता येतो. जास्त कमावणाऱ्याने तीन नंबर घ्यायचा, कमी कमावणाऱ्याने पाच, म्हणजे घराचा मिळून महिन्याचा टॅक्स कमी कापला जातो. पाच नंबर बहुतेक घरांत बायकोच्या वाट्याला. पाचमध्ये तिचा टॅक्स भरमसाठ कापला जातो, हातात कमी येतं, पण वर्षाच्या शेवटी दोघांचा हिशोब एकत्र होतो म्हणून कुणी मनावर घेत नाही. मात्र कुर्त्सआर्बाइटचे पैसे काढतात हातात येणाऱ्या पगारावरून! म्हणजे एकाच दुकानात एकाच पगारावर दोघी उभ्या असतील तर पाच नंबरवालीला महिन्याला तीनेकशे युरो सहज कमी, आणि हे पैसे वर्षअखेरच्या हिशोबात परत येत नाहीत, गेले ते गेले. क्लास बदलता येतो पण पुढच्या महिन्यापासून. मी ज्यांना ज्यांना फोन करून सांगू शकले त्यांना सांगितलं, काहींनी बदलला, काहीजणी म्हणाल्या नवऱ्याला विचारते, आणि मग दोन महिने गेले.

तिसरं, टॅक्सचा धक्का. कुर्त्सआर्बाइटच्या पैशांवर टॅक्स नाही असं सगळ्यांनी ऐकलं होतं आणि ते खरं आहे, फक्त बाकीच्या पगारावर टॅक्सचा दर ठरवताना हे पैसे मिळवून दर काढतात. शिवाय वर्षात ४१० युरोपेक्षा जास्त मिळाले असतील तर रिटर्न भरणं सक्तीचं. म्हणजे ज्यांनी जन्मात रिटर्न भरलं नव्हतं अशा लाखो लोकांना २०२१ मध्ये भरावं लागलं आणि कित्येकांना वर पैसे भरायची नोटीस आली. एक ड्रायव्हर काका ऑफिसात येऊन म्हणाले, सरकारने एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने खिसा कापला. मी त्यांना दर कसा काढतात ते कागदावर समजावलं, त्यांनी ऐकून घेतलं, आणि जाताना तेच वाक्य परत म्हणाले.

पण एवढं असूनही २०२० च्या वसंतात दुसरं काही करायला हवं होतं असं मला वाटत नाही. माझ्या फायलींतला चाळीस माणसांचा एक टर्निंगचा कारखाना आहे, गिअरबॉक्सचे लहान पार्ट करतात, मालक पक्का श्वाबी, म्हणजे या श्टुटगार्टच्या भागातला, आपल्याकडे कंजूसपणाचे जोक ज्यांच्यावर करतात ना तसले लोक. एप्रिल २०२० ला त्याचं काम ८० टक्के बंद होतं. एकही माणूस काढला नाही. ऑक्टोबरला ऑर्डरी आल्या तेव्हा पंचवीस वर्षं मशीनवर उभा असलेला सेटर तिथेच होता. ज्याने टर्निंग बघितलंय त्याला कळेल की असा माणूस पेपरात जाहिरात देऊन मिळत नाही.

कुर्त्सआर्बाइटची मुदत वाढवत नेली ते मात्र मला पटलं नाही. नेहमी १२ महिने असतं ते २४ केलं, मग २८, असं करत २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत. मधल्या काळात ट्रेनिंग घ्या, नवीन शिका असं सांगत होते, त्याला वेगळी सवलत पण होती. माझ्या सगळ्या फायलींत ट्रेनिंग घेतलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. लोकांनी घरं रंगवली, बागा केल्या, मुलांची शाळा घरात घेतली, त्यांना दोष देत नाही. पण धोरण म्हणून बघितलं तर आपण जे आहे ते जसंच्या तसं बर्फात ठेवलं आणि असं धरून चाललो की बर्फ वितळला की बाहेर २०१९ असेल.

बर्फात ठेवलेलं सगळं टिकलं पण नाही. हॉटेलांतली मिनीजॉबवाली माणसं सुपरमार्केटात आणि गोडाऊनमध्ये गेली, तिथे संध्याकाळी घरी जाता येतं, ती परत आलीच नाहीत. २०२२ च्या उन्हाळ्यात एअरपोर्टवर बॅगांचे डोंगर साचले होते ते आठवत असेल, सामान उचलणारी माणसंच नव्हती आणि सरकारला तुर्कस्तानातून तात्पुरती माणसं आणायची परवानगी द्यावी लागली.

आता लहान धंद्यांच्या मदतीकडे येते. इथे माझं मत आमच्या धंद्यातल्या बहुतेकांसारखंच आहे, आणि ते चांगलं नाही.

मार्च २०२० च्या शेवटी तातडीची मदत जाहीर झाली, पाच माणसांपर्यंतच्या धंद्याला ९,००० युरोपर्यंत आणि दहापर्यंतच्याला १५,०००. अर्थमंत्री टीव्हीवर म्हणत होते की हे कर्ज नाही, परत द्यायचं नाही. ऑनलाइन फॉर्म, दोन-चार दिवसांत पैसे खात्यात, खरंच आले. जर्मन सरकारकडून चार दिवसांत पैसे ही गोष्ट मी नातवंडांना सांगेन. पण बारीक अक्षरात होतं की हे फक्त धंद्याचं भाडं, लीज, वीज यासाठी, मालकाच्या स्वतःच्या पोटापाण्यासाठी नाही. आता एकटी योगा शिकवणारी बाई किंवा फोटोग्राफर, त्याचं भाडं काय असतं, त्याचा खर्च म्हणजे तो स्वतःच. त्याने घरभाडं भरलं, आणि दोन वर्षांनी हिशोब द्या म्हणून पत्र आलं, हिशोबात बसत नाही ते परत करा. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन राज्यात लोक कोर्टात गेले आणि मार्च २०२३ मध्ये म्युन्स्टरच्या वरच्या कोर्टाने सांगितलं की सरकारने अशी वसुलीची पत्रं काढली ती बेकायदा. म्हणजे पैसे वाटताना एक नियम आणि मागताना दुसरा.

पुढच्या मदतींना सरकारने हुशारी केली, अर्ज थेट घ्यायचेच नाहीत, टॅक्स कन्सल्टंट किंवा वकिलाच्या मार्फतच घ्यायचे, म्हणजे फसवणूक होणार नाही. कल्पना चांगली, पण मेलो आम्ही. योजना एक, दोन, तीन, तीन प्लस, चार अशा नावांच्या, प्रत्येकीचे महिने वेगळे, टक्के वेगळे, वर नोव्हेंबर मदत आणि डिसेंबर मदत. नोव्हेंबरची तर साधी होती, २ नोव्हेंबर २०२० पासून हॉटेलं बंद, तर नोव्हेंबर २०१९ च्या विक्रीच्या ७५ टक्के देऊ. ऐकायला किती छान. पण पैशांचं नेहमीचं वाटप सुरू व्हायला जानेवारी उजाडला, तोपर्यंत थोडी उचल दिली होती तेवढ्यावर बसा. नियमांची माहिती द्यायला मंत्रालयाची प्रश्नोत्तरं होती ती न सांगता बदलायची, सकाळी वाचलेला नियम संध्याकाळी वेगळा. आणि हे सगळे पैसे अंदाजावर दिलेले, म्हणून शेवटी पुन्हा पूर्ण हिशोब द्यायचा. ते शेवटचे हिशोब आम्ही २०२४ संपत आलं तरी करत होतो. साथ संपली, मास्क गेले, सलूनवाल्या बाईने दुकान विकलं सुद्धा, आणि मी तिला फोन करून विचारतेय की जानेवारी २०२१ मधलं केसांच्या रंगाचं बिल सापडेल का.

फसवणूक झाली का, तर झाली. एका मालकाने मला सरळ सांगितलं होतं की माणसं कामावर येतील पण तास शून्य दाखव. मी नाही म्हटलं, आमच्या साहेबांनी पण साथ दिली, तो दुसरीकडे गेला. कुर्त्सआर्बाइटचे पैसे पण आधी कच्चे देतात आणि नंतर लेबर ऑफिस एकेक केस तपासतं, त्यामुळे अशांची झोप उडाली असणार.

दिवाळखोरीचं पण तसंच. कंपनी पैसे देण्याच्या स्थितीत नसेल तर मालकाने कोर्टाला कळवणं इथे सक्तीचं आहे, न कळवणं गुन्हा. मार्च २०२० पासून ही सक्ती स्थगित केली, टप्प्याटप्प्याने एप्रिल २०२१ पर्यंत. परिणाम बघा: २०१९ ला १८,७४९ कंपन्या दिवाळखोर झाल्या होत्या, २०२१ ला, म्हणजे साथीच्या भर मध्यात, फक्त १३,९९३. आपल्याकडे एका वर्षी पाऊसच पडला नाही तरी विहीर भरलेली दिसावी तसं ते आहे. मग २०२३ ला १७,८१४ आणि २०२४ ला २१,८१२. पेपरात मथळे आले की दिवाळखोरीची लाट. लाट आहेच, पण त्यात जुन्या तुंबलेल्या केसेस किती आणि नवीन दुखणं किती हे वेगळं करायला पाहिजे. माझ्या फायलींत बघितलं तर दोन हॉटेलं कोविडच्याही आधीच मेलेली होती, मदतीने तीन वर्षं श्वास चालू ठेवला एवढंच.

सगळंच वाईट झालं असं नाही. लुफ्थान्सा विमान कंपनीला ९ अब्जांचं पॅकेज दिलं, सरकारने २० टक्के हिस्सा शेअरमागे २.५६ युरोच्या भावाने घेतला आणि सप्टेंबर २०२२ पर्यंत सगळे शेअर विकून चक्क ७६ कोटींच्या आसपास युरो नफा कमावला. जुलै ते डिसेंबर २०२० व्हॅट १९ चा १६ आणि ७ चा ५ केला, त्याबद्दल मी फार बोलणार नाही, सगळ्या देशाने गल्ल्याची मशीनं दोनदा बदलली आणि कॉफीचा भाव होता तोच राहिला.

आता तो धागा.

जर्मनीच्या राज्यघटनेत २००९ पासून कर्जाला लगाम आहे, केंद्राने जीडीपीच्या ०.३५ टक्क्यापेक्षा जास्त मूळ तूट (म्हणजे तेजी-मंदीचा परिणाम वगळून उरलेली) काढायची नाही, संकट आलं तर संसदेने वेगळा ठराव करून सूट द्यायची. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर २००८ मध्ये, इथे श्टुटगार्टला पार्टीच्या अधिवेशनात तेव्हाच्या चान्सलर मेर्केलबाई म्हणाल्या होत्या की बँकवाल्यांनी एखाद्या श्वाबी गृहिणीला विचारायला हवं होतं, ती सांगेल की कायम ऐपतीबाहेर जगता येत नाही. इथल्या लोकांना ते वाक्य मनापासून पटतं. मला पण पटायचं. फक्त माझी सासू म्हणायची की छप्पर गळत असताना डब्यात पैसे ठेवणं ही काटकसर नाही, आणि गेली पंधरा वर्षं इथले पूल आणि रेल्वे बघून मला ती जास्त आठवते.

तर २०२०, २०२१, २०२२ या वर्षांना सूट मिळाली. २०२१ च्या बजेटमध्ये कोविडसाठी कर्ज काढायची परवानगी होती त्यातले ६० अब्ज युरो वापरलेच गेले नाहीत, कारण गरज पडली नाही. त्याच सुमाराला चान्सलर शोल्ट्सचं तीन पक्षांचं सरकार आलं, एकाला हवामानावर खर्च करायचा, एकाला गरिबांवर, एकाला कर्ज नको आणि कर पण नको. त्यांनी युक्ती काढली की हे ६० अब्ज हवामान निधीत हलवायचे, म्हणजे नवीन कर्ज दिसणार नाही आणि पैसे मिळतील. विरोधी पक्षाचे खासदार कोर्टात गेले. १५ नोव्हेंबर २०२३ ला घटना कोर्टाने सांगितलं की हे चालणार नाही, साथीसाठी घेतलेली सूट साथीसाठीच, आणि वर्ष संपल्यावर मागच्या तारखेने तर नाहीच.

एका दिवसात ६० अब्ज गेले. महिन्याभरात काय झालं बघ. शनिवारी, १६ डिसेंबरला, जाहीर केलं की इलेक्ट्रिक गाडीवरची सबसिडी उद्या रात्रीपासून बंद. खरंच उद्या रात्रीपासून! ही सबसिडी कोविडच्याच पॅकेजमध्ये वाढवलेली होती, जून २०२० च्या १३० अब्जांच्या पॅकेजात पेट्रोल-डिझेल गाड्यांना काही न देता इलेक्ट्रिकवरचा केंद्राचा वाटा दुप्पट करून ६,००० युरो केला होता. शेतकऱ्यांच्या डिझेलची सवलत काढली तेव्हा ट्रॅक्टर बर्लिनला आले, ते तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. २०२४ मध्ये जर्मनीत नवीन इलेक्ट्रिक गाड्यांची नोंदणी २७ टक्क्यांनी घसरली. ज्या व्हेंडरांनी सरकारचा शब्द मानून इलेक्ट्रिकच्या पार्टसाठी मशीनं घेतली होती त्यांची मशीनं अर्धी रिकामी, आणि इंजिन-गिअरबॉक्सची जुनी कामं तर कमी होतच होती. माझा तो श्वाबी मालक यातलाच. तुझ्या वरच्या कंपनीची यादी पण काढून बघ, मला वाटतं अशीच निघेल.

एवढा एक धागा कोविडच्या पैशाचा. बाकीचं दुखणं वेगळं आहे आणि ते मोठं आहे. जर्मनीला लागणारा निम्म्याहून जास्त गॅस रशियाहून यायचा, साधारण ५५ टक्के, तो २०२२ मध्ये गेला. त्या वर्षी महागाई ६.९ टक्के झाली, आमच्याकडे लोक हीटर बंद करून जाकिटं घालून बसले होते. तेव्हा सरकारने महाग गॅस-विजेपासून वाचवायला २०० अब्जांची ढाल काढली आणि त्यासाठी निधी कोणता वापरला तर कोविडमध्ये कंपन्या वाचवायला काढलेला तोच, नुसता परत उघडला. आणि गाड्यांचं म्हणशील तर २०१९ ला जर्मनीत ४७ लाखांच्या आसपास कार बनल्या, २०२१ ला चिपा नव्हत्या म्हणून ३१ लाख, नंतर ४० च्या वर आल्या पण जुन्या आकड्याला पोचल्या नाहीत. चीन आधी गिऱ्हाईक होता, आता तो स्वतः बनवतो आणि विकायला पण येतो. २००९ ला बर्फ वितळला तेव्हा बाहेर चीनच्या ऑर्डरी होत्या. २०२२ ला बर्फ वितळला तेव्हा बाहेर महाग गॅस होता आणि चीनच्या गाड्या. औषध तेच, पण या वेळी बाहेरचं हवामान वेगळं, म्हणून २०२३ आणि २०२४ सलग दोन वर्षं जीडीपी घटला.

गंमत म्हणजे ज्या पक्षाने कोर्टात जाऊन ते ६० अब्ज अडवले त्याच पक्षाने फेब्रुवारी २०२५ ची निवडणूक जिंकल्यावर, मार्चमध्ये, घटना बदलून पूल, रेल्वे वगैरेंसाठी १२ वर्षांत ५०० अब्जांच्या कर्जाची सोय केली आणि संरक्षणावरचा मोठा खर्च लगामाबाहेर काढला. हे २०२० मध्ये व्याज जवळपास शून्य असताना केलं असतं तर किती स्वस्तात पडलं असतं याचा हिशोब मी मुद्दाम करत नाही, रात्री झोप येत नाही.

राहिली तुझी काळजी. फोल्क्सवागनने डिसेंबर २०२४ मध्ये युनियनशी करार करून २०३० पर्यंत ३५,००० जागा कमी करायचं ठरवलं, गिअरबॉक्स बनवणाऱ्या झेडएफने त्याआधी १४,००० पर्यंतचा आकडा सांगितलेला आहे, आणि या दोन्ही नावांशी चाकणचा काय संबंध आहे हे मी तुला सांगायला नको. पण बातम्यांवरून घाबरण्यापेक्षा कोणता शब्द वापरलाय ते बघ. तुझ्या वरच्या जर्मन कंपनीत कुर्त्सआर्बाइट चालू आहे असं कानावर आलं, तर मालकाला अजून वाटतंय की काम परत येईल, नाहीतर तो फॉर्मच भरणार नाही, कारण काम तात्पुरतं घटलंय असं त्याला त्यात लिहून द्यावं लागतं. २०२५ पासून त्याला परत २४ महिन्यांपर्यंतची मुभा आहे म्हणजे हे बराच काळ चालू शकतं. पण 'ट्रान्सफरगेझेलशाफ्ट' असा शब्द ऐकू आला तर तो वेगळा विषय. त्यात माणसांना मूळ कंपनीतून काढून एका वेगळ्या कंपनीत जास्तीत जास्त वर्षभर ठेवतात, तिथे पैसे कुर्त्सआर्बाइटसारखेच मिळतात, ट्रेनिंग देतात, आणि तिथून परत मूळ जागेवर यायचं नसतं. ती लाइन मग बंद तरी होते किंवा दुसरीकडे हलते. हलली तर कुठे, हे मात्र तुमच्या परचेसवाल्या जर्मन माणसाला विचार. तो चाकणला मशीनं बघायला येतोय का, की फक्त भाव पाडून मागतोय, यावरून तुला माझ्यापेक्षा आधी कळेल.

आमच्या त्या चाळीस माणसांच्या कारखान्यात आता एकतीस आहेत. सेटर गेल्या वर्षी रिटायर झाला. सोमवारी त्यांचा या महिन्याचा कुर्त्सआर्बाइटचा फॉर्म आहे, तास अजून आलेले नाहीत.